खिडकीतून दिलेला सल्ला

टॅमरॅक फॉल्स गावाचे न्यायालय गावकचेरीच्या मागच्या अंगाला, रस्तेखात्याच्या गॅरेजला लागून आहे. मंगळवारी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला जज वेंडेल गोकी आसनावर बसले, की नेमकी त्याच वेळी भिंतीपलीकडे बर्फ हटवणारी गाडी घरघरू लागते आणि साक्षीदाराला प्रत्येक दुसरे वाक्य पुन्हा उच्चारावे लागते. याविषयी आजवर कोणी तक्रार केलेली नाही. रस्ते मोकळे नसतील तर न्याय मागायला येणार तरी कोण, असा तिथल्या लोकांचा साधा विचार आहे.

या न्यायालयाची लिपिक मार्लिस राबिडो. वय त्रेचाळीस. मागच्या सप्टेंबरअखेर ती सहा महिन्यांच्या बोलीवर कामावर लागली होती. मार्च सरता सरता जजसाहेब गावाचा कारभार पाहणाऱ्या टाऊन बोर्डाला पत्र लिहिणार आणि त्या पत्रावर तिचे कायम होणे अथवा घरी बसणे ठरणार होते. जाहिरातीत 'दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण असल्यास प्राधान्य' असे छापले होते. मार्लिसजवळ हायस्कूलचा दाखला होता, आणि दूधसंघाच्या कचेरीत अठरा वर्षे रेडिओवरून टँकरांच्या फेऱ्या लावल्याचा अनुभव. ती कचेरी दुसऱ्या परगण्यात हलली तेव्हा तिची खुर्ची मागेच राहिली. मुलाखतीत जजसाहेबांनी तिला एकच प्रश्न विचारला होता : "हिमवादळात अकरा टँकर अडकलेत. आधी कुणाला फोन करशील?"

"ज्याचा फोन येत नाहीये त्याला," ती म्हणाली होती.

एवढ्यावर तिची निवड झाली. गावात मात्र कुजबुज राहिलीच, की पदवी घेतलेल्या दोघी हात हलवत परत गेल्या.

दुरून पाहणाऱ्याला लिपिकाचे काम क्षुद्र भासते. पाकीट उघडायचे, शिक्का मारायचा, आवक नोंदीत ओळ लिहायची. परंतु न्यायाधीश जे पाहतो ते कागदातून पाहतो, आणि तो कागद त्याच्यापुढे कोणत्या दिवशी, कोणत्या क्रमाने, किती अक्षत स्वरूपात येतो हे लिपिकाच्या हाती असते. देवळात मूर्तीपाशी पुजारी असतो. पण पहाटे गाभारा झाडून ठेवणाऱ्याच्या हातून काही राहिले, तर पूजेला वैगुण्य येतेच. मार्लिसला हे कोणी सांगितले नव्हते. पहिल्याच महिन्यात, एका तरुणाचा परवाना निलंबित झाल्याची नोंद उठवायचा कागद तिने त्याच दिवशी पाठवला आणि त्यामुळे तो दुसऱ्या सकाळी नोकरीवर रुजू होऊ शकला, तेव्हा तिला ते आपोआप उमगले. त्या दिवसापासून ती सकाळी वेळेआधी दहा मिनिटे येऊ लागली.

तिला घडवले ते बर्निस लॅशम हिने. बर्निसने त्याच खुर्चीत एकतीस वर्षे काढली होती. जाताना तिने मेजावरच्या काचेखाली एक कार्ड सरकवून ठेवले. त्यावर टपोऱ्या अक्षरांत दोन ओळी होत्या : 'काय लिहिले आहे ते सांग. काय करावे ते सांगू नकोस.'

"एवढंच?" मार्लिसने तेव्हा विचारले होते.

"एवढंच. आणि तुला तेच जमायचं नाही," बर्निस कोट चढवत म्हणाली होती. "अठरा वर्षं लोकांना डावीकडे वळा, उजवीकडे वळा सांगत आलीस. जीभ सवयीची गुलाम असते, पोरी."

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी दुपारी खिडकीशी एल्डन प्रेमो येऊन उभा राहिला. एकसष्ट वर्षांचा, रुंद खांद्यांचा, दुधाचा टँकर हाकणारा. मार्लिसच्या आवाजावर त्याने अठरा हिवाळे गाडी चालवली होती.

"हे बघ, पोलिसानं प्रेमपत्र दिलंय," म्हणत त्याने चलान आत सरकवले.

"काय केलंत, एल्डन?"

"मी काय करणार? एक कार्टं छोटी गाडी घेऊन माझ्या नाकासमोर घुसलं. मागून बघणाऱ्या पोलिसाला वाटलं मीच त्याच्या शेपटाला चिकटलोय. पस्तीस टन गं. कचकन ब्रेक दाबला असता तर सगळं दूध कॅनडात जाऊन सांडलं असतं."

मार्लिस हसली. चलानावर 'पुढील वाहनाच्या फार जवळून वाहन चालविणे' असे लिहिले होते. पाठीवर नेहमीच्या दोन चौकटी. वरच्या चौकटीत सही म्हणजे गुन्हा कबूल, खालच्या चौकटीत सही म्हणजे नाकबूल.

"आता सांग, कुठं सही ठोकू?" एल्डन म्हणाला. "मंगळवारी संध्याकाळी काही मला जमायचं नाही. सहाला दुसरी फेरी असते. तूच लावून दिलेली, अजून तशीच चाललीय."

दोन्ही चौकटी वाचून दाखवायच्या; शंका असेल तर वकिलाला विचारा म्हणायचे; आणि गप्प बसायचे. योग्य उत्तर तिला पाठ होते. परंतु समोर एल्डन होता, दमलेला, रबरी बुटांवर गोठ्यातला चिखल वाळलेला. आणि तिच्या कंठातून तो जुना रेडिओवरचा, विश्वासाचा आवाज सहज निघून गेला.

"जाऊ द्या हो. वरच्या चौकटीत सही करा आणि मोकळे व्हा. दंडाची चिठ्ठी घरी येईल. भरलीत की सुटलात."

"देव तुझं भलं करो." त्याने तिथेच, खिडकीच्या फळीवर कागद टेकवून सही केली. मार्लिसने आवक शिक्का मारला आणि त्याला हात केला.

पंधरा दिवसांनी, शुक्रवारी, पुढच्या मंगळवारची यादी लावताना तिने एल्डनच्या परवान्याचा उतारा मागवला. दंड ठरवण्याआधी चालकाचा पूर्वेतिहास जजसाहेबांपुढे असावा लागतो. उतारा आला. त्यात शेजारच्या व्हरमाँट राज्यातली एक नोंद होती. सव्वीस महिन्यांपूर्वीची, अशाच गंभीर गणल्या जाणाऱ्या गुन्ह्याची.

तिने ते महिने बोटांवर दोनदा मोजले. अवजड वाहनाच्या परवान्यावर तीन वर्षांत असे दोन दोष सिद्ध झाले की साठ दिवस स्टिअरिंगला हात लावता येत नाही. हे तिला कायद्याच्या पुस्तकातून ठाऊक नव्हते. दूधसंघात असताना असे दोन चालक घरी बसलेले तिने पाहिले होते, आणि साठ दिवसांनी ते परतले तेव्हा त्यांच्या गाड्यांवर दुसरी माणसे बसलेली होती. गाई साठ दिवस थांबत नाहीत. एल्डनला बहुधा वाटत असावे की व्हरमाँटचे ते व्हरमाँटमध्येच राहिले.

खिडकीपाशी तिने नुसते वाचून दाखवले असते, तर त्याने कदाचित घरी जाऊन विचार केला असता, कोणाला तरी विचारले असते. त्याचा विचार तिनेच कापून टाकला होता.

कार्यालयात तेव्हा दुसरे कोणी नव्हते. जे घडले ते दोघांनाच माहीत होते, आणि त्यांतला एक त्याला उपकार समजत होता. मंगळवारी जजसाहेब दंड लिहितील, बुधवारी तीच आपल्या हाताने निकाल कळवील, पुढचे परिणाम कुठल्याशा दूरच्या कचेरीतून पत्राने येतील. आणि महिनाअखेर तिचे स्वतःचे पत्र. मौन पाळले तर ती कायम होणार, यात शंका नव्हती. बोलली तर, ज्या एका नियमावर हे सगळे पद उभे आहे तोच सहा महिन्यांच्या आत मोडला, असे तिला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागणार होते.

तिने फोन उचलला, एल्डनचा नंबर अर्धा दाबला आणि थांबली. काय सांगणार? 'कबुली मागे घ्या'? तोही सल्लाच. एका सल्ल्याने केलेली जखम दुसऱ्या सल्ल्याने शिवायला निघालो आहोत, हे ध्यानात येताच तिने फोन जागी ठेवला.

शनिवारी सकाळी ती गोठलेल्या सरोवरावर गेली. बर्निस बर्फाला पाडलेल्या भोकापाशी उलट्या बादलीवर बसून, कानटोपी भुवयांपर्यंत ओढून, गळ हलवत होती. बाजूला सात-आठ पर्च मासे बर्फावर आखडून पडले होते.

"बस," बर्निस म्हणाली. "थर्मासमध्ये कॉफी आहे. तोंड बघून कळतंय, मासे धरायला आलेली नाहीस."

"एका माणसाला मी खिडकीत..."

"नाव सांगू नकोस."

"नाही सांगत. त्यानं विचारलं कुठं सही करू. मी सांगितलं."

बर्निसने गळ वर घेतला, आमिष पाहिले, पुन्हा सोडला. "आणि ते अंगलट आलं."

"माझ्या नाही, त्याच्या. अजून आलेलं नाही. येईल." मार्लिसने नाव टाळून सर्व सांगितले. "माझ्या मनात काही वाईट नव्हतं हो."

"वाईट मनाचे लोक त्या खिडकीत टिकतच नाहीत, दोन महिन्यांत कंटाळून जातात. घोळ घालतात ते तुझ्यासारखे मायाळू." बर्निसचा आवाज शांत होता. "तू म्हणालीस, त्याचा ताप वाचवला. खरं तर त्याच्या मांडीवर बसून त्याची गाडी हाकलीस. माणसाला स्वतःचं चुकायचाही हक्क असतो. तो तू घेतलास."

दूर कुठे तरी बर्फ आतल्या आत कण्हल्यासारखा वाजला.

"तुम्ही कधी केलंत असं?" मार्लिसने विचारले.

"एकदा. नोकरीच्या नवव्या वर्षी."

"मग?"

"मग काही नाही. गप्प बसले." बर्निसने प्रथमच तिच्याकडे पाहिले. "ती बाई गाव सोडून गेली. माझी नोकरी राहिली. कार्ड मी त्यानंतर लिहिलं. आता काय करायचं हे मला विचारू नकोस; मी सांगणार नाही, आणि का ते तुला कळतंय."

रविवारी दुपारी मार्लिस जजसाहेबांच्या मेपलच्या गुऱ्हाळावर पोहोचली. मेपल झाडांच्या रसाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. लांबलचक काहिलीतून वाफेचे लोट छपराच्या फटीतून वर जात होते, आणि चौदा वर्षे न्यायासनावर बसलेला, त्याआधी शाळेत सुतारकाम शिकवणारा तो मनुष्य हातभर लांब डावाने पाकाची धार तपासत उभा होता.

"ये, मार्लिस. चष्मा काढ, नाहीतर काही दिसायचं नाही."

"जज, मला तुम्हाला एक सांगायचंय. माझ्या हातून..."

"थांब." डाव हवेतच राहिला. "हे मंगळवारच्या यादीतल्या कुठल्या तरी प्रकरणाबद्दल आहे का?"

"हो."

"मग इथं नाही. एक शब्द नाही. माझ्या कानात प्रकरणातलं काही पडायचं तर दोन्ही बाजू समोर हव्यात आणि आवाज टिपणारं यंत्र चालू हवं. इथं तू, मी आणि पाक. आपल्यातलं कुणीच त्या माणसाची बाजू नाही."

"पण ते मी आत्ता नाही सांगितलं तर मंगळवारी..."

"मंगळवारी ते प्रकरण घेणार नाही. एवढं मी करू शकतो." त्यांनी धार पुन्हा पाहिली, अजून पातळ होती. "उद्या लेखी दे. इतकंच लिही की या प्रकरणातल्या कबुलीसंबंधी लिपिकेला दोन्ही बाजूंसमोर निवेदन करायचं आहे. कारण लिहू नकोस. मी पुढची तारीख टाकतो, दोघांना नोटीस धाड."

ती वळली. मागून त्यांचा आवाज आला, जरा खालच्या पट्टीत.

"मार्लिस, निवेदन करायचं म्हटल्यावर ते रोजनाम्यात जाणार. आणि रोजनामा बोर्डाला कधीही मागवता येतो. हे तुला माहीत असू दे."

"माहीत आहे, जज."

नोटीस सोमवारी गेली. बुधवारी सकाळी फोन वाजला, आणि उचलण्याआधीच तिला कळले की कोण आहे.

"अगं ए, हे काय लावलंयस?" एल्डन पलीकडून गरजला. "मंगळवारी यायला लागू नये म्हणून मी सही केली, आणि आता तूच मला मंगळवारी बोलावतेस?"

"नोटीस न्यायालयाची आहे, एल्डन."

"न्यायालय म्हणजे तू आणि गोकी. वेंडेलला मी चड्डीत असल्यापासून ओळखतो. कशासाठी बोलावलंय ते तरी सांग."

"जे लिहिलंय ते वाचून दाखवते. 'आपण दाखल केलेल्या कबुलीसंबंधी निवेदन होणार असून आपली उपस्थिती आवश्यक आहे.' "

"ते मलाही वाचता येतं. दुसरीपर्यंत शिकलोय मी." मग त्याचा स्वर मवाळ झाला. "मार्लिस, काही वाकडं झालंय का? सरळ सांग ना. आधी कसं सांगायचीस, पुढं बर्फ आहे, हळू घ्या म्हणून."

तिने डोळे मिटले. ओठांवर आलेले वाक्य तिने परत गिळले. ते गिळायला किती बळ लागते हे तिला त्या दिवशी कळले.

"त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगेन. सहा वाजता. आणि तुम्हाला वकील आणायचा असेल तर आणता येतो, नोटिशीत शेवटच्या ओळीत लिहिलंय."

"वकील," एल्डन पुटपुटला. "आता दूध कोण नेणार?" आणि त्याने फोन ठेवला.

तो मंगळवार उजाडला तेव्हा रस्त्यांच्या कडांचा बर्फ काळा पडू लागला होता. सहाला जजसाहेबांनी झगा चढवला, ध्वनिमुद्रण सुरू केले आणि पहिलेच प्रकरण म्हणून प्रेमोचे नाव पुकारले. एल्डन टोपी हातात चुरगाळत पुढे आला. बरोबर वकील नव्हता. सरकारी वकील थेअरबाई, तीस-बत्तीस वर्षांच्या, फायलींचा गठ्ठा घेऊन एका बाजूला उभ्या राहिल्या.

"लिपिकेला निवेदन करायचे आहे," जजसाहेब म्हणाले. न्यायासनावर बसले की ते तिलाही 'तुम्ही' म्हणत. "पुढे या. तिथे उभ्या राहा."

'तिथे' म्हणजे जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली आहे, जिथे आरोपी उभे राहतात, तिथे. सहा महिन्यांत तिने शेकडो लोकांना त्या पट्टीकडे बोट दाखवले होते. तिथून न्यायासन इतके उंच दिसते, हे तिला माहीत नव्हते.

"फेब्रुवारीत श्री. प्रेमो हे चलान घेऊन खिडकीशी आले," ती म्हणाली. "कुठल्या चौकटीत सही करावी असं त्यांनी विचारलं. मी त्यांना वरच्या चौकटीत करायला सांगितलं. भरलं की सुटलात, असंही म्हणाले. मला तसं सांगायचा अधिकार नव्हता. नंतर त्यांच्या परवान्याचा उतारा आला. त्यावरून मला दिसलं, की या कबुलीचा परिणाम दंडाहून मोठा होऊ शकतो. तो उतारा फायलीत आहे. एवढंच."

भिंतीपलीकडे गाडी सुरू झाली. जजसाहेबांनी ती थांबेपर्यंत वाट पाहिली.

"श्री. प्रेमो, हे खरे आहे?"

"वेंडेल... म्हणजे, जज. त्या पोरीला कशाला बोल लावता? एकसष्ट वर्षांचा घोडा आहे मी. पेन माझ्याच हातात होतं."

"प्रश्न तो नाही. लिपिकांनी काहीच सांगितले नसते, तर तुम्ही कुठे सही केली असती?"

एल्डनने टोपी उलटी केली, सुलटी केली. "खरं सांगू? खालच्या चौकटीत करायच्या विचारानंच आलो होतो. ते कार्टं माझ्यापुढं घुसलं होतं. माझ्या गाडीत कॅमेरा आहे, त्यात दिसतंय सगळं. मग वाटलं, मार्लिस म्हणतेय तर तसंच असेल. तिनं मला अठरा वर्षांत कधी चुकीच्या रस्त्याला लावलं नाही."

हे वाक्य मायेने उच्चारलेले होते, म्हणूनच ते मार्लिसला सर्वांत जड गेले.

थेअरबाईंनी फायलीतला उतारा उलटून पाहिला. "अजून शिक्षा झालेली नाही, जज. कबुली मागे घेण्याची परवानगी त्यांनी मागितली तर सरकारची हरकत नाही."

"श्री. प्रेमो, काही मागायचे आहे का?"

एल्डनने सवयीने मार्लिसकडे पाहिले. मार्लिसने नजर पायाखालच्या पट्टीवर खिळवली.

"मागे घ्यायचीय," एल्डन शेवटी स्वतःच म्हणाला. "आणि वकील बघायला वेळ पाहिजे."

"मंजूर. नाकबुली नोंदवा. सुनावणी एप्रिलच्या तिसऱ्या मंगळवारी." जजसाहेब मार्लिसकडे वळले. "लिपिकांनी आपल्या जागी जावे. रोजनामा लिहायचा आहे."

तिने जागेवर जाऊन लेखणी उचलली. रोजनामा तिचा, त्यामुळे आपला अपराधही तिलाच आपल्या अक्षरात, परक्या माणसाचा लिहावा तसा लिहायचा होता. 'लिपिकेने निवेदन केले की तिने आरोपीस' इथपर्यंत हात चालला आणि अडला. 'माहिती दिली' हे दोन शब्द लेखणीच्या टोकाशी येऊन उभे होते. ते सौम्य होते, आणि पुढे कोणी वाचले तर कोणाच्या भुवया उंचावल्या नसत्या. ध्वनिमुद्रणात तिचे शब्द होते खरे. पण ते कोण ऐकते? लोक वाचतात तो रोजनामा.

तिने लिहिले, 'सल्ला दिला.' आणि पुढच्या ओळीत, 'तसा अधिकार तिला नव्हता.' मग तिने दुसरे प्रकरण पुकारले. आवाज नेहमीसारखाच निघाला, याचे तिलाच आश्चर्य वाटले.

त्याच आठवड्यात गुरुवारी टाऊन बोर्डाची बैठक होती. मार्लिस मागच्या रांगेत लोखंडी घडीच्या खुर्चीवर बसली. पहिली चाळीस मिनिटे एका मोरीवर चर्चा झाली. पुलाखालची ती मोरी फुटली कोणामुळे यावर एकमत होईना, तेव्हा ती मोरी समितीकडे गेली. मग अध्यक्षांनी चष्मा वर सारून विषयपत्रिका पाहिली. "न्यायालयाची लिपिक. वेंडेल, तुझं पत्र."

जजसाहेबांनी घडी उलगडली. पत्र लहान होते. लिपिक श्रीमती राबिडो यांचे काम नेटके व वेळेवर आहे. मार्चमध्ये त्यांनी स्वतःहून एक दोष उघड केला, ज्याचा रोजनाम्यातला उतारा सोबत जोडला आहे. त्यांना कायम करावे अशी शिफारस आहे.

कोरिन ड्यूकेट ही बोर्डाची सर्वांत जुनी सदस्य. तिने उतारा हातभर लांब धरून वाचला. "म्हणजे, वेंडेल, मला नीट समजू दे. जाहिरातीतली पात्रता तिच्याकडे नव्हती. तरी घेतली. मग जे करू नये म्हणून तिला पहिल्या दिवशी सांगितलं, नेमकं तेच तिनं केलं. आणि तू म्हणतोस, आता कायम करा."

"बरोबर समजलंय तुला."

"मग आम्ही पात्रता कशाला छापतो? कागद भरायला?"

मागे दोघे-तिघे हसले. जजसाहेब हसले नाहीत.

"कोरिन, मी सुतारकाम शिकवायचो. रंधा कसा धरायचा हे कुठल्याही पोराला दोन आठवड्यांत शिकवता येतं. पण फळी तिरकी कापली गेली तर ती भुशाखाली लपवायची की माझ्याकडे आणायची, हे मला कुणालाच शिकवता आलं नाही. चौदा वर्षांत माझ्या न्यायालयात चुका झाल्या असणार, पुष्कळ. मला त्यातल्या तेवढ्याच माहीत आहेत, ज्या कुणी तरी आणून दाखवल्या." त्यांनी पत्राची घडी घातली. "कायदा तिला शिकायचाय. राज्याचा लिपिकांसाठीचा वर्ग आहे, मे महिन्यात. तिला पाठवा. पण शिकायला ती त्या खुर्चीतून जावी, दाराबाहेरून नव्हे, एवढंच माझं म्हणणं."

अध्यक्षांनी मार्लिसकडे पाहिले. "तुला काही सांगायचंय?"

ती उभी राहिली. येताना गाडीत बसून तिने बरेच काही जुळवले होते. त्यातले एकही वाक्य आता उपयोगाचे वाटेना.

"रोजनाम्यात लिहिलंय तेवढंच," ती म्हणाली आणि बसली.

मतदान झाले. चार विरुद्ध एक. विरोधी मत कोरिनचे, आणि ते कोणाला अनपेक्षित नव्हते. बैठक संपल्यावर खुर्च्यांची घडी घालता घालता कोरिनने मार्लिसच्या हातातली खुर्ची ओढून घेतली.

"मी विरोधात मत दिलं."

"माहीत आहे, मॅडम."

"पुढच्या वर्षीही बघेन मी." तिने खुर्ची भिंतीला लावली. "मेचा तो वर्ग दोन तासांच्या वाटेवर आहे. तुझ्या त्या खटाऱ्याला टायर बरे घाल आधी."

शुक्रवारी सकाळी मार्लिस नेहमीसारखी दहा मिनिटे आधी आली. रात्रीत पाऊस पडून गेला होता आणि गॅरेजपुढच्या अंगणात रस्तेखात्याची माणसे बर्फावर टाकायच्या मिठाऐवजी प्रथमच मातीच्या खड्ड्यांवरून भांडत होती. तिने टपाल सोडवले, शिक्क्याची तारीख पुढे सरकवली. तोच फोन वाजला. बर्निस होती. गावात बातमी कोणाच्या पायाने जाते हे कोणालाच सांगता येत नाही, पण पोहोचते लवकर.

"चार-एक, ऐकलं मी. कोरिन ना? ती माझ्याही विरोधात होती, एकतीस वर्षं." कपात चमचा फिरल्याचा आवाज आला. "आणि काय गं, तो एल्डन प्रेमो. आता नाव सगळ्यांनाच ठाऊक झालंय, म्हणून विचारते. तू कॅमेऱ्याचं ऐकलंस, उतारा पाहिलास. तुला काय वाटतं, सुटेल का तो?"

मार्लिसला जे वाटत होते ते तिच्या मनात स्पष्ट होते. ऐकणारी तिची गुरू होती, जिच्यापाशी तिने बर्फावर बसून आपले मन रिकामे केले होते. दारे बंद होती. खिडकी उघडायला अजून सात मिनिटे होती.

"एप्रिलच्या तिसऱ्या मंगळवारी सुनावणी आहे, सहा वाजता," ती म्हणाली. "ती सगळ्यांना खुली असते. त्यापुढचं मला नाही सांगता येणार, बर्निस."

पलीकडे चमचा थांबला.

"बरं," बर्निस म्हणाली. "रविवारी ये. बर्फ गेला, आता होडी काढायचीय. एकटीच्यानं ओढवत नाही."

"येते," मार्लिस म्हणाली. मग तिने फोन ठेवला आणि खिडकी सात मिनिटे आधीच उघडली, कारण बाहेर एक बाई हातात चलान घेऊन पावसाच्या गारठ्यात उभी होती.